कोमट पाऊस

१

कोकणात पाऊस पाडायच्या संशोधनाला सरकार मदत करणार, हे ऐकून श्रीवर्धनच्या बाजारात लोक पोट धरून हसले होते. जिथं आषाढात छत्र्या उलट्या होतात, पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरते, तिथं आणखी पाऊस कशाला? पण हसले ते बाजारातले. डोंगराकडच्या वाडीत कोणी हसलं नाही. चार महिने धो धो पडलेलं पाणी कातळावरून समुद्राला मिळतं आणि शिमगा झाला की विहिरींचे तळ दिसायला लागतात, हे तिथल्या बायकांच्या कमरेला ठाऊक होतं.

या कामासाठी हेमांगी मोकल अलिबागहून वाडीत राहायला आली. तिशीतली, हवामानशास्त्र शिकलेली. बोलायला मोकळी, पण कुठलीही गोष्ट पडताळल्याशिवाय खरी न मानणारी. चैत्रात समुद्रावरून ढग उठतात, वाडीला घटकाभर सावली देतात आणि न पडताच घाटाकडं निघून जातात. ते ढग वाडीमागच्या छोट्या धरणावर पाडता येतील का, हे बघायचं होतं. डोंगरमाथ्यावर पत्र्याची एक खोली, शेजारी उंच लोखंडी खांब आणि खांबावर बारीक मिठाच्या नळकांड्या. बरासा ढग डोक्यावर आला की खोलीतलं बटण दाबायचं. नळकांडी पेटायची, पांढरा धूर वर चढायचा, मिठाच्या कणांभोवती ढगातलं बाष्प जमायचं आणि थेंब जड होऊन खाली यायचे. यात जादू काही नाही, असं तिनं वाडीतल्या बायकांना आल्याआल्याच समजावलं होतं.

दिवस एकाच वळणानं जायचे. ती राहायची त्या रेहानाखालांच्या घरी सकाळी चहा आणि तांदळाची भाकरी. मग डोंगर चढायचा, रडारचं चित्र बघायचं, अलिबागच्या कार्यालयात परेश सरांना फोन करायचा. प्रकल्प त्यांच्या हाताखाली होता. दुपारी ढग, बटण, धूर. पाऊस पडून गेला की मापकात जमलेलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचं आणि खाली उतरायचं.

पाऊस पडत होता. खरोखर पडत होता. धरणाचा उघडा पडलेला चिखल पुन्हा पाण्याखाली गेला. वाडीतल्या नळांना पाणी आलं. रेहानाखालांच्या सुपारीच्या बागेत पाट वाहू लागला. वाडीचा सरपंच गणराज हेमांगीला वाटेत गाठून म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या घरच्याच झालात."

त्याच दुपारी तिनं मापकातलं पाणी नळीत ओतलं आणि नळी धरलेला हात तसाच राहिला. काच कोमट लागत होती.

२

पत्रा तापलेला असतो, मापक धातूचा, तेव्हा पाणी कोमट होणारच. तिनं स्वतःला हेच सांगितलं. तरी तिनं थर्मामीटर बुडवला. पारा जिथं थांबला ती खूण तिच्या ओळखीची होती. लहानपणी काखेतून थर्मामीटर काढून आई तेवढाच पारा बघायची आणि "ताप नाही," म्हणायची.

पुढच्या पावसाला तिनं मापकाला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं, तरी पाणी कोमटच. त्याच्या पुढच्या पावसाला ती स्वतःच बाहेर उभी राहिली आणि तळहात पसरला. आकाशातून येणारा थेंब गार असतो. हा तसा नव्हता. कोणीतरी आपल्या तोंडातली गुळणी अलगद हातावर सोडावी तसा होता.

तिनं फोन केला. परेश सर हसले. "उन्हाळ्यातला ढग आहे, खाली यायच्या आत तापतो. तुम्ही उंचीची नोंद नीट ठेवा. पुढच्या टप्प्याची मंजुरी त्यावर आहे."

उत्तर पटण्यासारखं होतं. ती खाली उतरली तेव्हा रेहानाखाला स्वयंपाकघरात कांदे चिरत होत्या आणि त्यांची सून अफरीन बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. बाळाचं नाव हमदुल्ला. घरात सगळे हमदू म्हणायचे. त्याचा बाप मुसअब कतारला होता आणि त्यानं पोराला अजून फोनवरच पाहिलं होतं.

"यंदाचा कांदा बाद हाय," रेहानाखाला म्हणाल्या. "इतका चिरला, पण डोळ्याला झोंबत न्हाय."

हेमांगीनं एक फोड उचलून नाकाशी धरली. वास असा उग्र की नाक झणझणलं. तिनं मुद्दाम ती फोड डोळ्यांजवळ नेली. डोळे चुरचुरले. आत जाळ झाला. पण पाणी आलं नाही.

"व्हय, बादच आहे," ती म्हणाली, आणि फोड परत ताटात ठेवली.

३

बाबाजी गेल्याचं कळलं ते सकाळी. म्हातारा माणूस, वर्षभर अंथरुणाला खिळलेला. वाडीतल्या एकूण एक माणसाशी त्याचं काही ना काही नातं होतं. हेमांगीही गेली.

ओटीवर पुरुष उभे होते. आत माजघरात बायका बसल्या होत्या आणि मधोमध बाबाजीची बायको ठमाबाई. कौलांतून एक उन्हाचा पट्टा खाली आला होता. हेमांगी दाराशी बसली. रडणं चालू होतं. आवाज खरा होता, पोटातून येणारा. ठमाबाई नवऱ्याच्या एकेक गोष्टी काढून हेल लावत होती आणि बाकीच्या तिला साथ देत होत्या. पण हेमांगीला काहीतरी अडत होतं. थोडा वेळ ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं. मधे कोणी नाक ओढत नव्हतं. कोणी पदर तोंडाला लावत नव्हतं. रडण्यात जो ओला आवाज असतो, तो कुठंच नव्हता. कोरड्या घशांतून नुसती हवा येत जात होती, रहाटाला तेल नसावं तशी.

उन्हाचा पट्टा सरकत ठमाबाईच्या चेहऱ्यावर आला. गाल सुके ठणठणीत होते. डोळे लाल, पापण्या बुबुळाला चिकटत होत्या आणि उघडताना बारीक आवाज करत होत्या.

ठमाबाई एकदम थांबली. तिनं दोन बोटांनी डोळे चोळले, बोटं पाहिली आणि शेजारणीला विचारलं, "का गं, माजा दादला गेलाय नि मला रडाया कसा येत न्हाय?"

तिनं पुन्हा चोळले, जोर लावून. शेजारणीनं तिचे हात धरले. "पुरे आता. डोले फुटतील."

हेमांगीनं मान खाली घातली. दुःखानं माणसाचं पाणी आटतं, असं म्हणतात. उकाडाही फार होता. पण इतक्या उकाड्यात, इतक्या बायकांमध्ये, एकीच्याही पोलक्याला घाम नव्हता. तिनं स्वतःच्या काखेला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

४

अफरीनचं दूध आटायला लागलं. हमदू रात्रंदिवस चोखायचा आणि रडायचा, आणि त्याचंही रडणं त्या माजघरातल्यासारखंच कोरडं होतं. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी अफरीनला पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पाण्याला तर आता तोटा नव्हता. ती तांब्यामागून तांब्या रिचवायची. "ताई, पोटात नुसतं डुचमळतं," ती हेमांगीला म्हणाली. "अंगाला लागत न्हाय."

हेमांगीनं परेश सरांना कळवलं की खांबावरची तार जळली आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. हे खोटं होतं. ढग आले, सावली देऊन गेले. बटण तिनं दाबलं नाही.

दुसऱ्याच सकाळी अफरीनची कुडती पुढून ओली झालेली होती. ती हसत बाहेर आली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. रेहानाखालांनी तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. पलीकडच्या घरातून ठमाबाईचा आवाज येत होता. ती नवऱ्यासाठी हुंदके देऊन रडत होती आणि मधे मधे नाक शिंकरत होती. इतका सुखाचा आवाज हेमांगीनं कधी ऐकला नव्हता.

तिथंच थांबली असती तर. पण दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही, हे ती शिकली होती. दुधाचं काय, मनावर असतं. डॉक्टरांचं औषधही चालू होतं. वरच्यांना पटवायचं तर खात्री हवी, आणि खात्री करून घ्यायला एकच वाट होती.

ती डोंगर चढली. ढग यायची वाट बघितली. बटण दाबलं. धूर वर चढल्यावर तिनं खाली फोन लावला.

"अफरीन, हमदूला पाजतेस का गं?"

"व्हय ताई, आताच घेतला. गपगप पितोय."

"मग पाज. फोन चालूच ठेव."

तिकडून बाळाच्या घोटांचा आवाज येत होता. इकडं पत्र्यावर पहिले थेंब पडले. ताशा वाजावा तसा पत्रा वाजू लागला. फोनमधले घोट विरळ झाले. मग नुसतं चोखणं. मग हमदूनं तोंड सोडलं आणि तो ओरडू लागला.

"ताई," अफरीन म्हणाली, "ताई, थांबलं."

हेमांगीला आता खात्री झाली. आपण नेमकं काय केलं हे कळायला मात्र तिला डोंगर उतरून त्या दारात यावं लागलं. अफरीनच्या मांडीवर हमदू निपचित पडला होता आणि त्याच्या टाळूला, जिथं लेकराचं डोकं मऊ असतं तिथं, बोटभर खळगा पडला होता.

५

तिनं वाडीची बैठक बोलावली. पंचायतीच्या ओसरीवर सगळे जमले. जे पाहिलं ते तिनं सांगितलं, कारण माहीत नाही हेही सांगितलं. बटण दाबायचं बंद करते, म्हणाली. लोक सुटकेचा श्वास टाकतील असं तिला वाटलं होतं.

ओसरीच्या कोपऱ्यात नळ होता. तो नीट बंद झाला नव्हता आणि त्याची धार हंड्यात पडत होती. सगळे तिकडं बघत होते.

गणराज सरपंच सावकाश बोलला. "ताई, आमच्या आया रडून रडून गेल्या. रडण्यानं कोणाचा हंडा भरला? डोळ्यातलं पाणी कोणाच्या उपयोगाचं हो? नळाचं आहे, ते आहे."

"आणि बाळाचं दूध?"

"डब्याचं दूध मिळतं. पंचायत आणून देईल."

हेमांगीनं ठमाबाईकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड किंचित उघडं, ओठांना चिरा पडलेल्या. "माजा काय," ती म्हणाली. "रडायचा त्यो रडून झाला. सुनंच्या डोक्यावर हंडा चढू नये, येवढाच."

मग हेमांगीनं रेहानाखालांकडं पाहिलं. त्या काहीतरी बोलतील, त्यांनी बोलायलाच हवं होतं. रेहानाखाला दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करत होत्या. "बाग जळली असती, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "दोन पिढ्यांची बाग. डबा आणू आम्ही."

अफरीन त्यांच्या मागेच बसली होती. तिनं सासूच्या पाठीकडं बघितलं. बघतच राहिली. मग तिनं हमदूचं तोंड ओढणीनं झाकून घेतलं.

६

पुढच्या टप्प्याची मंजुरी द्यायला मुंबईहून अधिकारी आले. परेश सर त्यांच्याबरोबर होते. डोंगरावर खुर्च्या मांडल्या गेल्या, शहाळी फोडली गेली. हेमांगीनं सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला सुट्टीची गरज आहे. आजचा दिवस पार पडू द्या."

समुद्रावरून ढग आला. दर वेळी येतो त्याच्याहून खालून, पोट लोंबत असल्यासारखा. परेश सरांनी हेमांगीला बटणापाशी जाऊ दिलं नाही. त्यांनी एक नव्हे, खांबावरच्या सगळ्या नळकांड्या एकदम पेटवल्या.

धुराचा खांबच उभा राहिला. मग पाऊस आला तो सरीनं नव्हे, ओतल्यासारखा. अधिकारी टाळ्या वाजवत खोलीत पळाले. धरणावर पाण्याचा पडदा उतरला होता. एकानं खिडकीतून हात बाहेर काढला, परत आत घेतला, रुमालाला पुसला. पुसलेल्या रुमालाकडं त्यानं जरा वेळ पाहिलं आणि तो घडी करून खिशात ठेवला.

हेमांगी वाट सोडून उतारावरून धावली. पायाखालून वाहणारं पाणी मातीचं लाल नव्हतं. तिला ते निरखायचं नव्हतं. तांदळाच्या धुवणासारखं ते धुरकट होतं, आणि त्याला वास होता. लहान मुलाच्या तोंडाला येतो, तो.

वाडीत कुठल्याच घरातून आवाज नव्हता. गोठ्यातल्या म्हशी गुडघे टेकून पडल्या होत्या आणि त्यांच्या जिभा बाहेर होत्या. रेहानाखाला जोत्यावर बसल्या होत्या. हेमांगीनं हाक मारली तेव्हा त्यांनी ओठ हलवले, पण जीभ टाळ्याला चिकटलेली होती. त्यांनी नुसतं मागच्या दाराकडं बोट केलं.

मागल्या अंगणात अफरीन पागोळीखाली वाटी धरून उभी होती. भिजून चिंब. काखेत हमदू. वाटी भरली की ती चमचा चमचा करून ते पाणी त्याच्या ओठांत सोडत होती आणि तो पीत होता. चवीनं पीत होता. डब्याचं दूध पायरीवर तसंच सांडलेलं होतं.

"हे माझंच हाय, ताई," अफरीन म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "बघ, ओळखतोय तो."

७

त्यानंतर हमदूनं दुसरं काही तोंडात घेतलं नाही. डब्याचं दूध तो ओकून टाकायचा, नळाचं पाणी थुंकायचा. धरणात पडून जुनं झालेलं पाणीही त्याला चालेना. पडता पाऊस तेवढा हवा. आणि अफरीनला दूध पुन्हा आलंच नाही, पाऊस नसलेल्या दिवशीही नाही.

मंजुरी मिळाली. पेपरात फोटो आला. हेमांगीनं राजीनामा लिहून पाठवला आणि जाण्याआधी एक काम उरकायचं ठरवलं. सकाळीच ती डोंगर चढली, खोलीत गेली आणि पक्कड घेऊन बटणाच्या तारा सोडवायला बसली. खिडकीतून समुद्र दिसत होता. आकाश निरभ्र होतं, ढगाचा एक पुंजका नाही. तिला बरं वाटलं.

पहिली तार सुटली तेव्हा बाहेर पावलं वाजली. उतारावरून अफरीन वर येत होती, कडेवर हमदू, हातात वाटी. तिच्यामागं ठमाबाईची सून आली, पोर घेऊन. तिच्यामागं आणखी बायका. वाडीत तान्ही मुलं इतकी आहेत हे हेमांगीला ठाऊक नव्हतं. कोणाकडं तांब्या, कोणाकडं पातेलं. सगळ्या खोलीसमोरच्या उतारावर उन्हात बसल्या.

"यांची पण दुसरं काय घेत न्हाईत," अफरीन खिडकीशी येऊन म्हणाली. "पाडतेस ना?"

"अफरीन, ढगच नाही. आणि पाडला तर आणखी किती मुलांचं..."

"हमदूनं कालपासून काय घेतलं न्हाय." तिनं ओढणी बाजूला केली. हेमांगीनं एकदा पाहिलं आणि पुन्हा तिकडं मान वळवली नाही. "तू खात्री करून घेतलीस ना, ताई? आता पाड."

अफरीन जाऊन इतर बायकांत बसली. ऊन चढत होतं. हेमांगीनं पक्कड उचलली, दुसरी तार पकडली, आणि बाहेरच्या उन्हात काहीतरी हललं म्हणून वर बघितलं.

बसलेल्या बायकांच्या डोक्यांवरची हवा थरथरत होती. तापल्या कातळावर दुपारी थरथरते तशीच, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण कातळावर कुठंच थरथर नव्हती. ती फक्त डोक्यांवर होती. प्रत्येकीच्या केसांतून एक बारीक पांढुरका दोर निघून वर जात होता, उदबत्तीच्या धुरासारखा, वाऱ्यानंही न मोडता. तिनं खाली वाडीकडं पाहिलं. प्रत्येक कौलारू घरातून तसाच दोर निघत होता. रेहानाखालांच्या घरातूनही. वर कुठंतरी ते सगळे एकमेकांत मिसळत होते आणि निळ्या आकाशात, अगदी खोलीच्या वर, मुठीएवढा ढग धरला होता. बघता बघता तो वाढला. समुद्राकडून भरपूर वारा होता, तरी तो जागचा हलला नाही.

त्याची सावली बायकांवर पडली. तेव्हा हमदूनं आईच्या दंडावरून मान मागं टाकली, ढगाकडं बघितलं आणि तोंड उघडलं. इतर मुलांनीही माना मागं टाकल्या. एकही रडत नव्हतं.

हेमांगीनं ओठांवरून जीभ फिरवायचा प्रयत्न केला. जीभ लाकडासारखी फिरली. खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि केसांमधून वर जाणारं काहीतरी, आणि तिनं नजर काढून घेतली.

मग तिनं सुटलेली तार पुन्हा जागेवर बसवली, पकडीनं घट्ट पिळली आणि बटण दाबलं.